गुप्तवार्तेच्या माणसांची वार्ता

गडचिरोलीच्या अरण्यात ज्यांनी देह ठेवला त्या पोलीस जवानांचा गौरव महाराष्ट्राने केला, तो यथायोग्यच होता. २००९ साली मरकेगाव येथे १५ व लाहेरी येथे १७ पोलीस कामी आले. १ मे २०१९ रोजी, राज्य आपला स्थापनादिन साजरा करीत असता, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ जवानांचा व त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. अशा प्रत्येक दिवशी मानवंदनेच्या फैरी झडण्यापूर्वीच बंद दालनात एक प्रश्न विचारला जातो : खबर कोठे चुकली? हा प्रश्न ज्याच्या माथी बसतो त्या गुप्तवार्ता विभागातील माणसाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

त्याचे काम आठवड्याच्या बाजारात, बसथांब्यावर, चहाच्या टपरीवर चालते. भामरागड-एटापल्लीकडचा एखादा माडिया शेतकरी त्याच्यावर विश्वास टाकून दोन शब्द सांगतो. पुढे कधी तरी गावाबाहेरच्या वाटेवर त्या शेतकऱ्याचे प्रेत मिळते व शेजारी पत्रक असते की, हा पोलिसांचा खबऱ्या होता. नक्षलवाद्यांनी या संशयावरून अनेक निरपराध आदिवासींची हत्या केली आहे. त्यांतील कित्येकांनी पोलिसांस कधी काही सांगितलेही नसेल. परंतु ज्या हवालदाराने मृताबरोबर चहा घेतला होता, तो त्या रात्री काय विचार करीत पडला असेल? हे त्याने कोणास सांगावे? पत्नीस सांगता येत नाही. वरिष्ठांस सांगावे, तर तेच त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार. डॉक्टरांस सांगावे, तर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आडवा येईल ही भीती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो हक्क व हे गुपित यांची सांगड घालून देणे हे शासनाचे काम आहे, हवालदाराचे नव्हे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने समुपदेशन मिळते. सोय उत्तम आहे, परंतु ज्याचा सारा व्यवसायच कोणी ऐकत तर नाही ना हे पाहण्याचा, तो तेथे मन मोकळे करील अशी अपेक्षा भाबडी आहे.

असल्या कामावर खंबीर माणसेच नेमावीत, असे काही जण म्हणतील. पहिल्या महायुद्धातही हेच म्हटले जात होते. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी तोफांच्या भडिमाराने खचलेल्या सैनिकांची लक्षणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तरी भेकडपणाचा शिक्का पुढे कित्येक वर्षे पुसला गेला नाही. आम्ही कधी काळी शिक्षक होतो. वर्गातील हुशार मुलगा एकाएकी अबोल झाला, तर त्यास दुबळा ठरविण्यापूर्वी जवळ बोलावून विचारावे, एवढे आम्हांसही कळत होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शरण येणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना राज्यात २००५ पासून आहे व ती असावीच. परंतु तीस-पस्तीस वर्षे या बाजूने जी माणसे खपली त्यांच्यासाठी योजना कोणती? बंदुका थंडावल्या म्हणजे झोप येऊ लागते असे नाही. उलट काम चालू असता दबून राहिलेले सारे तेव्हाच वर येते.

गृहखात्याने या विभागासाठी अधिकारपरंपरेबाहेरचे, गुप्ततेची शपथ घेतलेले मानसोपचारतज्ज्ञ नेमावेत. त्यांची भेट ठराविक मुदतीने प्रत्येकास सक्तीची असावी, म्हणजे जो गेला तो वेडा अशी कुजबुज उरणार नाही. आणि त्या भेटीचा एक शब्दही सेवापुस्तकात उतरू नये. खबर देणारा मारला गेला, तर संबंधित कर्मचाऱ्याची भेट त्याच आठवड्यात व्हावी. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. गडचिरोली तेथून सुमारे १७० किलोमीटरांवर आहे. गृहमंत्र्यांनी अधिवेशनातील एक दिवस काढून तेथे जावे, आणि या माणसांशी, त्यांच्या वरिष्ठांस बाहेर बसवून, बोलावे.