डोळ्यांना न दिसणारा प्रकाश

आकाशातील तेजोमेघांची रंगीत चित्रे हल्ली वर्तमानपत्रांतून वारंवार छापून येतात. ती पाहून एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "आकाशात हे रंग असेच दिसतात काय?" नाही, असे उत्तर मिळताच तो म्हणतो, "मग चित्र खोटेच म्हणायचे!" त्याचा प्रश्न रास्त आहे; निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

तारे जन्म घेतात ते वायू व धूळ यांच्या थंड, दाट मेघांत. ही धूळ धुराच्या कणांसारखी अतिसूक्ष्म असते. आपल्याला दिसणारा प्रकाश तिच्यात अडतो व विखुरतो. म्हणून ताऱ्यांचे हे सूतिकागृह बाहेरून काळेकुट्ट दिसते. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्टात तापमापके ठेवून पाहिली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही तापमान चढले! हेच ते अवरक्त किरण. त्यांची तरंगलांबी अधिक असल्यामुळे त्यांतील पुष्कळसे किरण धुळीतून पार होतात.

मात्र ते टिपणारी दुर्बीण स्वतः अतिशय थंड हवी, नाहीतर तिच्याच अंगची उष्णता चित्रात उतरावयाची. शिवाय आपल्या हवेतील बाष्प यांतील बरेच किरण शोषून घेते. म्हणून २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, पाचपदरी पडद्याच्या सावलीत काम करते.

गरुड तेजोमेघ आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. हबल दुर्बिणीने १९९५ साली त्यातील धुळीच्या स्तंभांचे चित्र घेतले, तेव्हा ते भिंतीसारखे भरीव भासले. २०२२ साली वेबने तेच स्तंभ टिपले. आता ते विरळ दिसतात. मागील असंख्य तारे चमकतात आणि कडांशी तांबडे ठिपके आहेत. ते नुकतेच जन्मलेले तारे होत. हे जर खोटे, तर खरे कशाला म्हणावे?

रंगांचे म्हणाल, तर दुर्बीण निरनिराळ्या गाळण्यांतून केवळ उजेड-अंधाराची चित्रे घेते. मग सर्वांत लहान तरंगलांबीच्या चित्रास निळा, सर्वांत मोठ्या तरंगलांबीच्या चित्रास तांबडा, असे रंग क्रमाने देतात. नकाशात उंच प्रदेश तपकिरी रंगवितात. पावसाळ्यात सह्याद्री हिरवागार असतो, म्हणून कोणी नकाशाला लबाड म्हणत नाही; कारण नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची सूची दिलेली असते.

माझी तक्रार आहे ती येथेच. वर्तमानपत्रे चित्र छापतात आणि सूची गाळतात! 'हे रंग ठरवून दिलेले आहेत' एवढी एक ओळ चित्राखाली घालावयास कितीशी जागा लागते?

आणि मुलांनो, हिवाळ्यातील अंधाऱ्या रात्री मृग नक्षत्र पाहा. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक अंधूक ठिपका दिसेल. तोही तेजोमेघच आहे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा. आणि साध्या डोळ्यांना तो केवळ राखी दिसतो. आधी तो पाहून घ्यावा, मग वेबने काढलेले त्याचे चित्र हाती घ्यावे.