मंडळाचे सामने भरवताना

मैत्रिणींनो, बालेवाडीत १९९४ला राष्ट्रीय आणि २००८ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तिथे काय नि पिंपरी, चिंचवड, चाकणच्या महिला मंडळांच्या सामन्यांत काय, आधी वेळेचं गणित हवं.

कुणाच्या घरी सुटी गुरुवारी, कुणाकडे रविवारी. विचारूनच दिवस ठरवा. बायकांच्या कबड्डीचे १५-१५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटे विश्रांती. तयारीसह पाऊण तास धरा. ८ संघांचे बाद पद्धतीने ७ सामने होतात. एका मैदानावर सव्वापाच तास लागतील, दोन आखलीत तर तीनच. खो-खो त्यानंतर ठेवा. दोन्ही खेळणाऱ्यांची ओढाताण नको.

आणि जेवण बाहेर सांगा. नाहीतर यजमान मंडळाच्या बायका पातेल्यापाशीच अडकतात, अन् खेळायचं राहूनच जातं!