फांदी फुकट, रोप विकत

आपल्याकडे फांदी मागण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जास्वंदीची फांदी, गवती चहाचा ठोंब, ब्रह्मकमळाचं एखादं पान मागायला कुणी आलं, तर घरचा माणूस बोलता बोलता कात्रीच घेऊन येतो. मनीप्लांट तर मागायचाही नाही, चोरूनच आणायचा, म्हणजे फोफावतो म्हणे. पण हीच रोपं विकू या म्हटलं, की वारज्यातल्या आमच्या सोसायटीत मंडळी एकमेकांकडे बघायला लागतात. ‘झाडाचे कसले पैसे घ्यायचे?’

घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःसाठी नव्हे, अर्थात. वारज्यातच १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना कमी करायच्या, त्यांच्या घरच्यांना धीर द्यायचा आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं तिथलं काम. हायवेवरून रोज जाणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसतं. अशा कामासाठी मोठी देणगी द्यायची सगळ्यांचीच ऐपत नसते. कोरफडीला पिल्लं मात्र सगळ्यांच्याच गॅलरीत होतात.

इंग्लंडात १९२७ साली लोकांनी आपल्या खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन बघायला खुल्या केल्या. घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी हा पैसा हवा होता. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजारांवर पौंड जमले. ही ‘नॅशनल गार्डन स्कीम’ अजून चालू आहे. चहा-केकच्या टेबलाशेजारी घरी वाढवलेली रोपंही तिथे विकायला असतात, आणि बराचसा पैसा आजही परिचारिकांना आणि हॉस्पिसना जातो. आम्हा वारजेकरांच्या वाट्याला बाग नाही, गॅलरीच. पण फांदी कुंडीतही मूळ धरते.

विकायचं तर रोप मात्र खरं हवं. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड फांदी पेराच्या खाली तिरकी कापावी, खालची पानं काढावीत, दुधाच्या पिशवीला भोकं पाडून माती-कोकोपीट भरावं, फांदी खोचावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. थोड्याच दिवसांत पालवी फुटते आणि उत्साही माणूस लगेच किंमत लावून मोकळा होतो. पण ती पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. खाली मुळांचा पत्ताही नसतो कधीकधी. फांदी हलकेच ओढून पाहावी. अडून राहिली तर रोप झालं, हातात आली तर पुन्हा खोचा. चांगल्या कामासाठी घेतलेलं रोप मेलं, तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पुढच्या वर्षी फिरकत नाही, इतकंच.

किंमतही नर्सरीपेक्षा फार खाली नको. फुकट आलेलं रोप जिन्यात वाळताना मी पाहिलंय. पन्नास रुपये मोजलेल्या रोपाला माणूस आठवणीनं पाणी घालतो. जमलेली रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जावी आणि पावती लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लागावी, म्हणजे कुजबुजीला जागा नाही.

पावसाळ्यात खोचलेल्या फांद्या दसऱ्यापर्यंत विकण्याजोग्या होतात. तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशव्या आजपासूनच धुऊन ठेवायला लागा.