आधी सावधगिरीचे शब्द



आमच्या इंदूरजवळ पिथमपूर येथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. व्होल्वो या स्वीडिश उद्योगसमूहाने 2008 साली आयशर कंपनीशी भागीदारी केली आणि त्या भागीदारीतील मालमोटारी व इंजिने तेथे तयार होऊ लागली. तेव्हापासून स्वीडन या दूरच्या देशाचे नाव आमच्याकडील काही घरांतून कानी पडू लागले. आमच्या धर्मग्रामातील एका मावशींचा मुलगा असाच नोकरीनिमित्त सहकुटुंब स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी गेला. त्याचा मुलगा आता चार वर्षांचा झाला आहे. त्या नातवाला पाहावे, म्हणून मावशी येत्या हिवाळ्यात तिकडे निघाल्या आहेत.

निरोप घ्यावयास त्या आल्या, तेव्हा त्यांच्या हाती एक वही होती. मुलाने कळविलेले स्वीडिश शब्द त्यांनी देवनागरीत नीट उतरून काढले होते. "फादर, तिकडे 'ताक' म्हटले की आभार मानले जातात. मला हे सोपेच झाले!" असे म्हणून त्या मनमोकळ्या हसल्या. वहीत नमस्कार होता, निरोप होता, क्षमायाचना होती, दूध व पाव यांची नावे होती.

मी सहज विचारले, "मावशी, नातवाबरोबर खेळणारे शेजारचे पोर एकाएकी रस्त्यावर धावले आणि समोरून मोटार आली, तर काय म्हणाल?"

"म्हणेन, अरे थांब, गाडी आली!"

"पण त्या पोराला मराठी येत नाही."

मावशी गप्प झाल्या. त्यांनी वहीची पाने उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "फादर, हे तर मी विचारलेच नाही. सगळे शब्द मी माझ्या सोयीचे मागितले."

त्यांच्या या बोलण्याने मीही विचारात पडलो. परक्या मुलखात जाणारा मनुष्य प्रथम शिष्टाचाराचे शब्द शिकतो. ते शिकावेतच. परंतु आभाराचा शब्द चुकला तर फार तर हसे होते. धोक्याची सूचना देणारा शब्द वेळेवर सुचला नाही, तर शेजाऱ्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय हा शब्द आपल्या भाषेत असून भागत नाही. तो ऐकणाऱ्याच्या भाषेत असावा लागतो. इंदूरचा मराठी मनुष्य हे नकळत जाणतो. घरात विंचू निघाला तर तो "अगं, विंचू! पाय उचल!" असे ओरडतो, पण रस्त्यात बैल उधळला तर त्याच्याच तोंडून "हटो! बचके!" असे शब्द निघतात.

त्याच संध्याकाळी मावशींच्या मुलाशी दूरध्वनीवर बोलून आम्ही वहीत एक नवे पान तयार केले. त्यातील काही शब्द येथे देतो; आपल्यापैकी कोणाचे मूल तिकडे असेल, त्यास ते उपयोगी पडतील.

पहिला शब्द "से उप!" याचा शब्दशः अर्थ "वर पाहा" असा, परंतु संकट वरून येवो की बाजूने, "सांभाळ, लक्ष दे" या अर्थी तो उच्चारला जातो. दुसरा "आक्ता देय!" म्हणजे "स्वतःला जप." समोर अनेकजण असतील तर "आक्ता एर!" म्हणावे. ठेंगण्या दारावर "आक्ता हूवुदेत" असे लिहिलेले असते. म्हणजे डोके सांभाळा. संकट अद्याप दूर असेल आणि शांतपणे बजावावयाचे असेल, तर "वार फोर्शिक्तिग" म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी पुढचे आधी पाहणे ही कल्पना आहे; आपण "जपून राहा" म्हणतो, त्यातलाच हा भाव. आग लागली तर "दे ब्रिनर!" आणि मदतीसाठी "येल्प!" विजेच्या खांबावर किंवा उंच कड्याशी "लिव्सफारा" हा शब्द दिसला, तर जिवाला धोका आहे असे समजून मागे फिरावे.

एका शब्दाने मात्र आम्हा सर्वांना हसविले. तो शब्द "हल्का." आपल्या कानाला तो हलका वाटतो; पण स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ निसरडे असा आहे. पायवाटेवर गोठलेल्या पाण्याचा थर साचला, की तिकडे हा इशारा देतात. मावशींनी त्यापुढे लिहून ठेवले : "हल्का म्हणजे पाऊल जड टाकणे."

मावशींना आणखी एक संकोच होता. परक्या वडीलधाऱ्या माणसाला एकेरी हाक कशी मारावी? आपल्याकडे मामंजींच्या पायाशी साप आला, तरी सून आधी "अहो" शोधते. स्वीडनमध्येही पूर्वी मानाच्या संबोधनांचा मोठा पसारा होता. परंतु 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे लहानथोर सर्वांना एकेरी संबोधण्याची रीत रूढ झाली. तेव्हा "आक्ता देय" म्हणण्याने कोणाचाही अवमान होत नाही. खरे तर जीव वाचविणाऱ्या हाकेत मानापमान कोठेही पाहू नये.

हिवाळ्यातील एका संकटाविषयी मात्र हसून चालणार नाही. स्वीडनमधील तलाव थंडीत गोठतात. दक्षिणेकडे तो थर पुष्कळदा पातळच राहतो. दिसावयास जमीनच, आणि खाली खोल, गारठलेले पाणी! अशा जागी "स्वाग ईस", अर्थात "कच्चा बर्फ" असा फलक लावतात. माणसाने चालण्यासाठी निदान 10 सेंटीमीटर जाडीचा घट्ट बर्फ हवा, असे तेथे शिकवितात. कोणी आत पडलाच, तर त्याने आलेल्या दिशेलाच तोंड वळवावे. कारण तेथवर बर्फाने त्याचे ओझे पेललेले असते. काठावरच्याने धावत त्याच्याजवळ जाऊ नये. आडवे पडून दोर किंवा काठी पुढे सरकवावी, आणि 112 या क्रमांकावर मदत मागावी. आपल्या देशातही आता तोच क्रमांक आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

स्वीडनमध्ये साऱ्या गावाला सावध करण्यासाठी भोंगे आहेत. लोक विनोदाने त्यांना "घोगरा फ्रेड्रिक" म्हणतात. मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर या महिन्यांतील पहिल्या सोमवारी, सुट्टी नसल्यास, दुपारी तीन वाजता ते वाजवून पाहतात. सात सेकंद आवाज, चौदा सेकंद शांतता, पुन्हा आवाज. अर्थ एवढाच की घरात जा, दारे-खिडक्या लावा, नभोवाणी ऐका. वर्षातून चार वेळा कानी पडल्याने पोरांनाही तो पाठ होतो.

हे लिहिताना मला आमच्या राज्यातील भोपाळ आठवल्यावाचून राहत नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. बाहेरच्या वस्त्यांना सावध करणारा भोंगा सुरू होऊन लवकरच बंद करण्यात आला. तो पुन्हा मोठ्याने वाजला, तेव्हा गुदमरलेली माणसे आधीच रस्त्यावर धावत होती. तोंडावर ओले फडके धरा, एवढे साधे वाक्यही त्यांना कोणी आधी शिकविले नव्हते. हजारो माणसे मृत्यू पावली. वायू तर विषारी होताच. परंतु वेळेवर न आलेल्या शब्दानेही त्या रात्री माणसे मारली.

म्हणून, बंधुभगिनींनो, स्वीडनला जाणारे थोडे असले, तरी ही गोष्ट आपणा सर्वांची आहे. आपल्या शेतावर मळणीयंत्र चालते, विहिरीवर मोटार चालते, आणि कामाला आलेला मजूर कदाचित भिली किंवा भोजपुरी बोलणारा असतो. "हात काढ!" "तार जिवंत आहे!" "मागे हो!" हे त्याच्या भाषेत आपल्याला येते काय? नसेल, तर उद्या सकाळी काम सुरू होण्यापूर्वी त्याच्याकडूनच ते शब्द शिकून घ्यावेत, आणि आपले त्याला शिकवावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

मावशींनी ते नवे पान फाडून वहीच्या सर्वांत आधी चिकटविले आहे. "ताक" आता दुसऱ्या पानावर गेले आहे.