सहल नेमकी कुठे?

जामसर या आदिवासी गावातल्या शाळेची सहल संग्रहालयात न्यायची, तर आधी ठरवा: कुठल्या? पुण्यातल्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयात वारली, कातकरी, महादेव कोळी यांचंच जग मांडलंय. पण घरच्या अंगणात वाजणारा तारपा काचेआड बघायला पोरांनी पहाटे का उठावं? (मास्तरांनी मात्र जरूर जावं.) माझं मत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला. १९२२ साली खुल्या झालेल्या त्या वास्तूत सिंधू संस्कृतीतल्या वस्तू आहेत; मडकी घडताना पाहिलेली मुलं तिथे शिक्षकांपेक्षा नेमके प्रश्न विचारतील. या संग्रहालयाची फिरती बसही २०१५पासून शाळांच्या दारी जाते, तीही मागवून बघावी. मुंबईलाच निघालात, तर दोनच दालनं निवडा, डबे सोबत घ्या आणि घाटात गाडी लागणाऱ्यांना खिडकीजवळ बसवा.