ज्यांना दप्तरच नाही त्यांच्या शाळेचं काय?



मागे शहरात शिक्षणावर एक परिषद झाली. संघटनेने मला पाठवलं होतं, म्हणून दोन दिवस बसून ऐकलं. बोलणारे सगळे शिकलेले आणि चांगल्या मनाचे लोक होते, हे आधीच सांगतो. पण दोन दिवसांतला दीड दिवस दप्तराच्या ओझ्यावर गेला. पोरांच्या पाठी वाकल्या, दप्तर किती किलोचं असावं, गृहपाठ द्यावा की देऊ नये. मी मागे बसून विचार करत होतो की आमच्या पोरांनाही ओझं माहीत आहे, पण ते मोळीचं. आमच्याकडचं दप्तर म्हणजे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी आणि तिच्यात एक फुटकी पाटी. तिने कोणाची पाठ वाकत नाही.

हा विषय आला कुठून तेही सांगतो. आर. के. नारायण म्हणून मोठे लेखक होते, टीव्हीवर मालगुडीच्या गोष्टी लागायच्या त्या त्यांच्याच. ते राज्यसभेत गेले तेव्हा त्यांनी दप्तराच्या ओझ्यावर भाषण केलं. पुढे 1992 साली सरकारने प्रा. यशपाल यांची समिती नेमली आणि 1993 च्या जुलैत तिचा अहवाल आला. मी रागानेच परत आलो होतो. पण अहवालाची माहिती एका सरांकडून समजून घेतली तेव्हा जरा गप्प झालो. यशपाल म्हणतात, पुस्तकांचं वजन हे खरं ओझं नाही. जे शिकवतात ते समजत नाही, त्याचं ओझं जास्त जड आहे.

आता हे तर आपलंच झालं. परिषदेत दीड दिवस किलो मोजले, पण या गोष्टीवर कोणी अर्धा तासही दिला नाही.

मी आश्रमशाळेत शिकलो. पहिलीत गुरुजी बोलायचे ती मराठी आणि घरची बोली यात एवढं अंतर होतं की सहा महिने मी नुसता त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचो. हसतो म्हणून मार खाल्ला. भिंतीवर तक्ता होता, त्यात ऐ ऐरणीचा, य यज्ञाचा, ष षटकोनाचा. यज्ञ आम्ही बघितला नव्हता. षटकोन तर मला बारावी होऊनसुद्धा कुठे कामाला आला नाही. ख खटाऱ्याचा होता. खैराचा का नाही, असं आता वाटतं. पण ख खैराचा म्हटलं असतं तर पोरांना लगेच फॉरेस्टवाला आठवला असता, म्हणून नसेल ठेवला! माझ्याबरोबर पहिलीत बसलेल्यांपैकी बरेचजण चौथीच्या आत ढोरांमागे गेले. ते ‘ढ’ होते असं लिहिलं गेलं. त्यातल्या एकाला आज रानातली शंभर झाडं आणि त्यांचं औषध तोंडपाठ आहे.

संविधानात कलम 350 (क) आहे. प्राथमिक शाळेत मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी असं ते सांगतं. आपण वारली, कोकणा, कातकरी बोलणारी माणसं या कलमात बसतो की नाही, हा प्रश्न मी परिषदेत विचारला. एक बाई म्हणाल्या, “तुमची ती बोली आहे, भाषा नाही.” यावर काय बोलणार? आई ज्यात बोलते ती मातृभाषा, एवढंच मला कळतं.

सगळे तज्ज्ञ असेच असतात असं मी म्हणत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बाहेरून आलेल्याच होत्या. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आल्या. पोरं शाळेत येत नाहीत असं दिसलं तेव्हा त्यांनी आईबापांना अडाणी म्हटलं नाही. पोरं कुठे आहेत ते बघितलं. लहानगी अंगणात होती तर अंगणात शाळा भरवली. मोठी गुरं घेऊन कुरणात होती तर कुरणशाळा काढली. खडे, पानं, बिया घेऊन हिशेब शिकवला. अनुताई 1992 साली वारल्या. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो, पण पोरं जिथे आहेत तिथे शाळेने जायचं, ही मूळ गोष्ट सरकारने घेतलीच नाही.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या बाजूच्या एका पाड्यावर शाळा आहे, म्हणजे कागदावर आहे. ती एका घराच्या पडवीत भरते. पाऊस आला की गुरुजी सुट्टी देतात, कारण पडवीत शेळ्या बांधायच्या असतात. 1986 च्या शिक्षण धोरणानंतर खडू-फळा योजना निघाली. त्यात प्रत्येक प्राथमिक शाळेला दोन पक्क्या खोल्या, दोन शिक्षक आणि त्यातली शक्यतो एक बाई, असं ठरलं होतं. त्या पाड्याला एक खोली मंजूरही झाली. लोकांनी श्रमदानाने पाया खणला, दगड आणून टाकले. तिसऱ्या दिवशी गार्ड आला आणि काम बंद केलं. जमीन जंगलाची आहे, 1980 चा वनसंवर्धन कायदा आहे, दिल्लीची परवानगी आणा, म्हणाला. लोक म्हणाले, “आमी आणायची दिल्लीची परवानगी?” तो पाया अजून तसाच आहे. त्यात पावसाळ्यात पोरं मासे धरतात.

म्हणून जे साथी बैठकीत म्हणतात, “आधी जमीन, शाळेचं नंतर बघू,” त्यांना मी विचारतो, शाळा बांधायची कुठे? आपला पाडाच जर अतिक्रमण असेल तर आपल्या पोराची शाळाही अतिक्रमणच ठरणार. शहरात शाळेच्या सुधारणेवर वाद होतात त्यात जमिनीचा शब्द येत नाही, कारण त्यांच्या शाळेखाली जमीन आहे. आपल्याला हे दोन्ही प्रश्न एकत्रच लढावे लागतील.

दुसऱ्या बाजूनेही बघा. 31 मार्च 1978 च्या आधीपासून जमीन कसता का, त्याचा पुरावा द्या, असं अधिकारी विचारायचे आणि दंडाची पावती मागायचे. एका म्हाताऱ्याने अशा पावत्या बांबूच्या नळकांड्यात जपून ठेवल्या होत्या. साहेबाने वरची एक बघितली आणि म्हणाला, ही 80 नंतरची आहे, चालणार नाही. म्हाताऱ्याने नळकांडं परत कुडाला अडकवलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या चौथी झालेल्या नातीने बाकीच्या उलगडल्या. एकीवर 1976 साल होतं. तिने ते वाचलं नसतं तर त्या चार एकरांचं काय झालं असतं? आणि ही पोरगी आता घरी आहे. पाचवीची शाळा नदीपलीकडे आहे, आणि आश्रमशाळेत पाठवायला तिची आई तयार नाही. मी त्या आईला दोष देत नाही. आश्रमशाळेत मी स्वतः काय खाल्लं आणि कुठे झोपलो ते मला माहीत आहे. पण आश्रमशाळा नसती तर मी हे लिहूही शकलो नसतो. दोन्ही खरं आहे.

परिषदेत एकाने उपाय सांगितला. कामावर जाणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक केंद्रं वाढवावीत, संध्याकाळी दोन तास, कंदिलात. हे 1986 च्या धोरणातही होतं. त्याच धोरणात हुशार मुलांसाठी जिल्ह्याला एक नवोदय विद्यालय होतं. म्हणजे काहींना वसतिगृह, प्रयोगशाळा, मैदान आणि आपल्याला दोन तास कंदील. दिवसभर मजुरी करून आलेलं पोर कंदिलासमोर पेंगणार नाही तर काय करणार? आणि हे वेगवेगळे डबे कशाला? कोठारी आयोगाने 1966 सालीच सांगितलं होतं की श्रीमंत-गरीब सगळ्यांची पोरं शेजारच्या एकाच शाळेत जावीत आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा 6 टक्के खर्च शिक्षणावर करावा. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. 1990 च्या आचार्य राममूर्ती समितीनेही समान शाळेचीच बाजू घेतली. तज्ज्ञांनी चांगलं सांगितलं तर ते कपाटात राहतं, स्वस्तातलं सांगितलं तर लगेच पाड्यावर येतं.

दिवाळीनंतरचं तर बोलूच नका. भात झोडून झालं की अर्धा पाडा वीटभट्टीवर, रेतीवर जातो, भिवंडी, वसई, कल्याणकडे. पोरं बरोबर जातात, नाहीतर भाकरी कोण करणार, लहानग्याला कोण बघणार? एप्रिलमध्ये परीक्षा, तेव्हा पोर विटा उलट्या करत असतं. मग हजेरीवर गैरहजर आणि गळतीच्या तक्त्यात एक आकडा. सुट्ट्या शहराच्या उन्हाळ्याप्रमाणे ठरतात, आपल्या पोटाप्रमाणे नाही. भट्टीवर शाळा काढा, किंवा जे म्हातारे मागे राहतात त्यांच्याजवळ पोरांना ठेवायला धान्य द्या. खावटी वेळेवर मिळाली तरी काही घरं थांबतील.

संविधानाने 1950 मध्ये म्हटलं होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण. ती मुदत 1960 ला संपली, तेव्हा माझा बाप गुरांमागे होता. 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितलं की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे आता आपण विनंती अर्ज करायचा नाही, हक्क मागायचा. यशपाल समितीने गावपातळीवर शिक्षण समित्या करा असंही म्हटलं आहे. सरकार करेल तेव्हा करेल, आपण पाड्याची समिती आपणच बसवू. त्यात निम्म्या बाया असाव्यात, कारण पोर शाळेत का गेलं नाही हे त्यांनाच ठाऊक असतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने एक कागद आणावा. सहा ते चौदा वयाची पोरं किती, शाळेत किती, भट्टीवर किती, गुरुजी महिन्यातून किती दिवस आले आणि शाळेची जागा कोणाच्या नावावर आहे. लिहिता येत नसेल तर पाड्यावरच्या चौथी-पाचवीच्या पोरीकडून लिहून घ्या. जंगलखात्याकडे जमिनीचं निवेदन द्यायचं आहे, त्यालाच हे कागद जोडायचे आहेत. त्या पायाचे दगडही कोणी उचलू नका, तिथेच राहू द्या.