कावळ्याला विचारलेली इच्छा

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडतात. सोबत पत्रावळीवर गेलेल्या माणसाच्या आवडीचे जिन्नस येतात: भजी, बुंदीचा लाडू, कपभर चहा, पानसुपारी, तंबाखूची सवय असेल तर तिचीही पुडी. मग सगळे दहा-बारा पावले मागे सरतात आणि आभाळाकडे पाहत राहतात. कावळा येत नाही. आला तरी लांब फांदीवर बसतो, खाली उतरत नाही. अशा वेळी भाऊबंदांतले कोणी जाणते पुढे होते, हात जोडते आणि मोठ्याने सांगते, ‘‘आक्का, धाकट्याच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही बघतो.’’ पुन्हा वाट पाहणे. दुसरा म्हणतो, ‘‘विहिरीवरचा तुकडा विकणार नाही, आमचा शब्द.’’ तिसऱ्याला आणखी काही सुचते. ऊन चढते, पलीकडे दुसऱ्या घरची मंडळी खोळंबलेली असतात. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला शिवतो आणि लोक आंघोळीला वळतात.

कावळ्याच्या श्रद्धेची टिंगल करण्यासाठी मी हे लिहीत नाही. ती टिंगल शंभर वर्षे होत आली आहे आणि तिने कोणाचे फारसे बिघडलेले नाही. मला दुसरेच काही बोचते. सत्तर-ऐंशी वर्षे जगून गेलेल्या बाईला काय हवे होते, हा प्रश्न तिच्या घरातली सगळी माणसे एकत्र उभी राहून, मनापासून, डोळ्यांत पाणी आणून पहिल्यांदा विचारतात तो त्या घाटावर, आणि विचारतात तो पक्ष्याला. ती माजघरात बसून तांदूळ निवडत होती तेव्हा हा प्रश्न कोणाच्या ओठांवर आला नाही. आता जी उत्तरे आपण तिच्या वतीने सुचवतो तीही नीट ऐकावीत. धाकट्याचे लग्न, जमिनीचा तुकडा, नातवाची नोकरी. सगळ्या काळज्या आपल्या आहेत. ‘तुला चौथीच्या पुढे शिकायचे होते’, ‘तुला एकदा माहेरी महिनाभर राहायचे होते’, असे तिथे कोणी म्हणत नाही, कारण कोणाला ते ठाऊकच नसते. आपली आई, आपली आजी आपल्यासमोर पन्नास वर्षे वावरली आणि तिला आपल्यापलीकडे काही इच्छा असू शकते ही शंकासुद्धा आपल्याला शिवली नाही. हे लिहिणारा त्या घाटावरच्या घोळक्यातलाच एक आहे. काठावर उभा राहून बोलण्याचा अधिकार मला नाही.

घाटावरून मंडळी मांडवात येतात. पश्चिम महाराष्ट्रात दशक्रियेला आता सभेचे रूप आले आहे. आधी महाराजांचे प्रवचन होते, मग श्रद्धांजलीची भाषणे. सरपंच बोलतात, कारखान्याचे संचालक बोलतात, आमदारांना दुसऱ्या गावच्या दहाव्याला जायचे असल्याने त्यांना आधी वेळ दिली जाते. गेलेला पुरुष असेल तर त्याने भूषवलेली पदे सांगतात. गेलेली बाई असेल तर तिच्या मुलांची. मग ठरलेली वाक्ये येतात: आल्यागेल्याला घासभर दिल्याशिवाय त्यांनी जाऊ दिले नाही, कष्टाने संसार उभा केला, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. माना डोलतात. या गौरवाच्या एकेका वाक्यामागे काय उभे होते, हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असते. आल्यागेल्याला जो घास मिळाला तो तिच्या ताटातून गेलेला होता, कारण ती सगळ्यांच्या मागून जेवत होती आणि टोपल्यात उरेल ते तिचे होते. ती उलटून बोलली नाही, कारण नवी नवरी असताना एकदा बोलली होती आणि त्याची शिक्षा तिने भोगली होती. आपण तिला उपाशी ठेवले, गप्प केले, आणि ती उपाशी व गप्प राहिली याबद्दल आता हार घालतो आहोत. एवढ्यावरच थांबत नाही. मांडवाच्या बायकांच्या बाजूला घरातल्या सुना बसलेल्या असतात. बावीस-पंचवीस वर्षांच्या त्या मुली ही भाषणे ऐकत असतात आणि पुढच्या पन्नास वर्षांत आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते त्यांना नेमके कळत असते. श्रद्धांजली मेलेल्यांना वाहतात असे आपण समजतो. तिचा उपयोग जिवंतांना वळण लावण्यासाठी होतो.

नावांचे तर विचारूच नये. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या चौकटी काढून पाहा. ती अमक्याची पत्नी असते, तमक्याच्या मातोश्री असते; पश्चात दोन मुले, सुना, जावई, नातवंडे असा परिवार असतो; आणि ती कोणाची मुलगी होती हे बहुधा नसते. लग्नात वडिलांचे नाव गेले, आडनाव गेले, कित्येकींचे स्वतःचे नावही तांदळाच्या ताटात अंगठीने नवे लिहून पुसले गेले. मृत्यूची नोंद करायला गेल्यावर कारकून मृताच्या आईचे नाव विचारतो तेव्हा मुलगा बायकोकडे पाहतो, बायको नणंदेला फोन लावते, आणि नणंद म्हणते, मामा असते तर सांगितले असते. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांतल्या स्त्रियांचाही उच्चार व्हावा असे शास्त्र सांगते. एवढी तरी आठवण त्या शास्त्राने राखली होती. पण पणजीचे नाव येत नाही म्हणून विधी अडत नाही. तिथेही तोडगा असतो. गंमत अशी की, बाईचे नाव पहिल्यांदा ठळकपणे लागते ते वारसनोंदीला. तलाठ्यापुढे सगळे वारस सांगावे लागतात, तेव्हा लेकींचीही आठवण होते, आणि तेराव्याचे गोड जेवण उरकते न उरकते तोच त्यांच्यापुढे हक्कसोडपत्राची गोष्ट निघते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. आपण तो कायदा मोडला नाही. ‘माहेर तुटेल’ एवढे दोनच शब्द वापरून आपण त्याला निकामी केले.

आज जी पिढी आपल्यातून उठून चालली आहे तिने काय काय पाहिले, याचा हिशेब कधी मांडलाय? आता ऐंशीच्या पुढे असलेली बाई १९७२ च्या दुष्काळात तिशीच्या आसपास होती. त्या वर्षी मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, लाखो माणसे सरकारी कामांवर गेली आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. बोटांना चिंध्या गुंडाळून हातोडी धरायची, पोर बाभळीखाली झोळीत टांगायचे, संध्याकाळी मुकादम ढिगाला टेप लावून ‘कमी भरतंय’ म्हणाला की ऐकून घ्यायचे. सुकडी आणि बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन त्यांनी घरे जगवली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि अठ्ठावीस वर्षांनी देशाने त्याच वाटेवरचा कायदा केला, त्याच्या मुळाशी या बायकांचे हात आहेत. त्यांच्याच वयाच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका दोन वेळा वीस-वीस माणसांचे डबे रांधत होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा उधारीवर कोणी कोणाला जेवू घातले याची वही कोणत्या संग्रहालयात आहे? कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेल्या, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात उरलेले घरही गमावलेल्या आज्या आपल्याच सोफ्यावर बसून मालिका पाहत होत्या. आपण त्यांना औषधाच्या गोळ्यांची वेळ विचारली. बाकी काही विचारले नाही. त्या बोलू लागल्या तर ‘आजीचं सुरू झालं’ म्हणून एकमेकांकडे पाहून हसलो.

२०२० आणि २०२१ मधल्या करोनाच्या त्या महिन्यांत आपली खरी परीक्षा झाली. घाट बंद, मांडव बंद, प्रेत पिशवीत, खांदा द्यायलाही कोणी नाही. विधी नव्हते तेव्हा निदान आठवणी तरी मोकळ्या व्हाव्यात. झाले काय, तर व्हॉट्सॲपवर फुलांची चौकट, मध्ये आधारकार्डावरचा फोटो आणि खाली शेकडो जोडलेले हात. विधी काढून घेतल्यावर आपल्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

म्हातारा गेला तर आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याबद्दल बोलताना जीभ जड होते. त्याच्या आठवणीची सुरुवात त्याच्या बायकोच्या हातच्या बांगड्या फोडण्याने होते. पंचाहत्तर वर्षांची बाई, जोडीदार नुकताच गेलेला, आणि तिचे कुंकू पुसायला, जोडवी काढायला, मंगळसूत्र तोडायला बायकाच पुढे होतात. ज्यांचे हेच झाले आहे त्या विधवाच अनेकदा पुढे असतात. त्यांना क्रूर म्हणणे सोपे आहे. त्या आपण नेमलेल्या आहेत. या प्रथेला आधार काय, असे विचारले तर पूर्वापार चालत आले आहे यापलीकडे कोणी बोलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून ती बंद केली आणि आभाळ कोसळले नाही. पाठोपाठ शासनाने इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. त्याच्याही किती आधी, १८९० च्या नोव्हेंबरात, पुण्यात जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंद हक्काचा वाद घालू लागले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचे मडके, हाती धरले आणि अग्नी दिला. त्यांचे पुतळे आपण चौकाचौकांत उभे केले आहेत. आपल्या घरची लेक टिटवे मागू लागली की मात्र चुलते अजून पुढे होतात.

आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा आपला शिष्टाचार. या शिष्टाचाराने कोणाचे रक्षण केले? जो आजोबा दारू पिऊन आजीला उंबऱ्याबाहेर काढी, त्याच्या फोटोला हार घालून आपण त्याच आजीला पाया पडायला लावतो. जी सासू सुनेच्या भाकरी मोजत होती, ती एका दिवसात माउली होते, आणि त्या सुनेला तिच्या आठवणीने रडावे लागते. मेलेल्याची बदनामी करा असे माझे म्हणणे नाही. सासूच्याही भाकरी कोणीतरी मोजल्या होत्या. हे कळले तर तिच्याबद्दल कणवही वाटेल आणि साखळी कुठून आली तेही दिसेल. पण खरे काही बोलायचेच नाही असे ठरवल्यावर कणव आणि न्याय दोन्हींची वाट बंद होते. खोट्या स्तुतीत माणूस दुसऱ्यांदा मरतो.

हे आंधळेपण रक्तातून आलेले नाही, ते शिकवलेले आहे, आणि आपल्याच भाषेत ते झुगारल्याचे दाखले आहेत. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाई टिळकांनी त्यापुढे जाऊन नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावरही न भिता, न चिडता लिहिले. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून. आपल्या आयुष्यावर आपणच लिहिणे ही चोरी ठरावी, अशा घरात आणि अशा समाजात. मला मात्र आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ पुन्हा पुन्हा आठवते. केशवपन झालेली बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी, १८९३ मध्ये पुनर्विवाह करून धोंडो केशव कर्व्यांच्या घरी आलेली आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसलेली ही बाई. तिचे पुस्तक १९४४ मध्ये, ती हयात असताना निघाले आणि त्याचे संपादन तिची सून कावेरी कर्वे यांनी केले. सासू सांगते आहे आणि सून कागद जुळवते आहे, एवढी साधी गोष्ट किती घरांत घडली? गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला गी पॉइत्व्हाँ हा फ्रान्समध्ये जन्मलेला माणूस आणि पुण्याच्या हेमा राईरकर खेडोपाडी हिंडले. लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या प्रकल्पातून गोळा झाल्या. त्या ओव्या म्हणणाऱ्या बाईचा मुलगा त्याच घरात, त्याच जात्याच्या घरघरीत झोपत होता. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते अंगणात गेले आणि आपल्याला एवढेच जाणवले की आवाज बंद झाला.

लोक म्हणतील, घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? चव्हाट्यावर नकोत. पण घरात तरी कुठे धुतो आपण ती? पैशाचेही निमित्त नको. दहाव्याचा मांडव, प्रवचनकारांची दक्षिणा, फ्लेक्सवरच्या वीस चेहऱ्यांचा खर्च आपण कर्ज काढूनही करतोच, आणि आठवणी लिहून काढायला शाळेतल्या पोराची वही पुरते. ज्या घरात अजून म्हातारे माणूस आहे तिथे उद्या सकाळी बसता येईल. जिथे ते माणूस गेले आहे तिथेही उशीर झालेला नाही, कारण त्याच्याबरोबर खडी फोडलेली, त्याच चाळीत पाणी भरलेली, माहेरच्या आळीत एकत्र सागरगोटे खेळलेली कोणी ना कोणी जिवंत आहे. दशक्रियेला ती येतेही. मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ, गुडघे दुमडून बसलेली असते, आणि चहाचा ट्रे तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. तिला पुढे बोलवावे, खुर्ची द्यावी, ध्वनिक्षेपक तिच्या हाती द्यावा. आमदारांच्या भाषणातली दहा मिनिटे त्यासाठी काढता येतील.